त्रयस्थ कुकी

संकेतस्थळाच्या सर्व्हरने वाचकाच्या ब्राउझरमध्ये साठवलेल्या लहानशा मजकूर-नोंदीस कुकी म्हणतात. ही नोंद भेट दिलेल्या संकेतस्थळाची नसून त्याच्या पानावर जाहिरात पुरवणाऱ्या दुसऱ्याच कंपनीची असेल, तर ती त्रयस्थ कुकी होय. नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी १९९४ मध्ये कुकी योजली, ती संकेतस्थळाला आपला ग्राहक पानागणिक ओळखता यावा म्हणून. पाळत हा तिचा हेतू नव्हता. परंतु वेबपान अनेक सर्व्हरांवरील तुकड्यांतून जुळवले जाते, आणि ब्राउझर जाहिरातीचे चित्र, कधी तर केवळ एका बिंदूएवढे अदृश्य चित्र, मागवताना त्या सर्व्हरला त्याचीच जुनी कुकी व बहुधा मूळ संकेतस्थळाचा पत्ताही कळवतो. एकाच कंपनीचे असे तुकडे बातम्यांच्या, औषधांच्या व प्रवासाच्या संकेतस्थळांवर असले, की वाचकाची सारी भ्रमंती एकाच ओळख-क्रमांकाखाली नोंदली जाते. त्याचे नाव ठाऊक नसले तरी जाहिरातदाराचे काही अडत नाही. गूगलने २००८ मध्ये विकत घेतलेली डबलक्लिक ही कंपनी या पद्धतीचे ठळक उदाहरण होय. शिवाय दोन कंपन्या आपापले क्रमांक परस्परांशी ताडून पाहतात, यास कुकी-जुळणी म्हणतात.

सफारी ब्राउझरने २०२० मध्ये अशा कुकी सरसकट रोखल्या. क्रोममधून त्या हटवण्याची त्याच वर्षी केलेली घोषणा गूगलने २०२४ मध्ये मात्र मागे घेतली. कुकी पुसूनही माग पुरता थांबत नाही, कारण पडद्याचा आकार, फाँट, कालविभाग इत्यादींच्या मेळावरून यंत्र ओळखणारी ‘ठसा’ पद्धत ब्राउझरमध्ये काहीच साठवत नाही, आणि म्हणूनच वाचकाला पुसण्याजोगे काही उरत नाही.