बोरी अरब: भाड्याने दिलेल्या मुलखातलं गाव

पुण्यात कोणाला सांगितलं की मी बोरी अरबचा, तर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हे नक्की कुठे आलं?" मी मॅप उघडून दाखवतो. यवतमाळहून दारव्ह्याकडे निघालं की मध्ये अडाण नदी लागते, तिथे. तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ. अडाण पुढे पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, आणि शेवटी आमच्या शिवारात पडलेला पाऊस गोदावरीतून पार बंगालच्या उपसागरात जातो.

गाव जागेवरच आहे. पत्ता मात्र बदलत राहिला, आणि आजचा एपिसोड त्याच्यावरच आहे.

आधी वऱ्हाड निजामाचं. निजामाने इंग्रजांची फौज पोसायची होती, तिचं देणं थकलं, आणि 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. मालकी कागदावर निजामाचीच! 1902 मध्ये लॉर्ड कर्झनने करार केला: वऱ्हाड कायमचं भाडेपट्ट्याने, वर्षाला 25 लाख रुपये. म्हणजे आपण फ्लॅटचं अॅग्रीमेंट करतो तसं, फक्त अकरा महिन्यांच्या जागी 'कायमचं'. आत राहणाऱ्यांना कोणी विचारलं नाही, हे वेगळं सांगायला नको. 1905 मध्ये आमच्या जिल्ह्याचं 'वणी' हे नाव जाऊन 'यवतमाळ' झालं. आणि गंमत बघा, 1936 मध्येसुद्धा हैदराबादच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला.

एवढा जीव कशासाठी? काळ्या मातीसाठी. म्हणजे खरं तर कापसासाठी. 1861 ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर स्थिरावली. पुढे किलिक निक्सन कंपनीची नॅरोगेज आली, आपली शकुंतला. यवतमाळ ते मूर्तिजापूर, 113 किलोमीटर, वाटेत दारव्हा मोतीबाग. मूर्तिजापूरला माल मोठ्या लाइनवर चढायचा, तिथून मुंबई, तिथून बोट. रुळांची रुंदी अडीच फूट. त्यावर धावणारं इंजिनही मँचेस्टरचंच, 1921 चं! ते 1994 पर्यंत वाफेवर चाललं. मी बीटेकला असताना हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा इंजिन बनवणाऱ्यांना मनातून सलाम केला. आपण लिहिलेला कोड सत्तर वर्षं सोडा, सात महिने टिकला तरी पार्टी देऊ.

पण भाड्याची गोष्ट इथेही संपत नाही. 1951 च्या सुमाराला देशातल्या रेल्वे सरकारी झाल्या, ही लाइन मात्र खासगी कंपनीच्या नावावर राहिली. गाडी चालवायची भारतीय रेल्वेने, मोबदला जायचा कंपनीकडे. पेपरात 'अजून इंग्रजांच्या मालकीची रेल्वे' अशा बातम्या यायच्या. त्या चवीने वाचल्या जायच्या, पण मला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची: इतकी वर्षं पैसे मोजूनही ना रूळ धड झाले ना गाडीचा वेग वाढला. सवाशे किलोमीटरही नाही, आणि सहा-सात तास! शेवटी गाडी बंदच पडली.

स्वातंत्र्यानंतर पत्ता आणखी फिरला. आधी मध्य प्रदेश, राजधानी नागपूर. 1 नोव्हेंबर 1956 पासून मुंबई राज्य. 1 मे 1960 पासून महाराष्ट्र. म्हणजे 1945 चा एखादा माणूस घराच्या ओट्यावरून न उठता मध्यप्रांत-वऱ्हाड, मध्य प्रदेश, मुंबई आणि महाराष्ट्र अशी चार राज्यं फिरून आला.

आता वर्धा-यवतमाळ-नांदेड ब्रॉडगेज होतेय. 2024 च्या फेब्रुवारीत कळंबपर्यंत गाडी आली. नकाशावर ती पुढे यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद अशी जाते. तोवर दिवाळीला गावी जायचं तर ट्रॅव्हल्सच, आणि तिकिटाचे दर तुम्हाला माहीतच आहेत, बावा.