हार्ट फेल्युअरची अखेरची अवस्था: वैद्यकीय नोंद आणि संकेतांक

डॅलस आणि फोर्ट वर्थ यांच्या मधोमध वसलेले टेक्सासमधील अर्विंग हे शहर आरोग्यव्यवसायाचे एक मोठे केंद्र आहे. औषधवितरण करणारी मॅकेसन कंपनी आणि ख्रिस्टस हेल्थ हा रुग्णालय-समूह यांची मुख्यालये येथे आहेत. हृदयरोपण करणारी रुग्णालये शेजारच्या डॅलसमध्ये आहेत. या परिसरातील मराठी कुटुंबांचा वैद्यकीय कोडिंगशी दोन बाजूंनी संबंध येतो. कोणी आरोग्यक्षेत्रातील संगणकप्रणालींवर काम करतो, तर कोणाच्या घरी भारतातून आलेल्या वृद्ध आईवडिलांच्या कागदपत्रांची जाड फाइल असते. हार्ट फेल्युअरच्या बाबतीत या फाइलमधील एखादा शब्द असणे वा नसणे फार महत्त्वाचे ठरते.

अवस्था आणि संकेतांक

अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिऑलॉजी यांच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार या आजाराच्या ए, बी, सी आणि डी अशा चार अवस्था आहेत. ‘ए’मध्ये केवळ धोका असतो, ‘बी’मध्ये हृदयात बदल झालेला असतो पण लक्षणे नसतात आणि ‘सी’मध्ये लक्षणे दिसू लागतात. योग्य औषधोपचार सुरू असूनही दैनंदिन जीवन अशक्यप्राय होते आणि रुग्णाला वारंवार रुग्णालयात दाखल करावे लागते, ती अवस्था ‘डी’ होय.

अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून रोगनिदानाच्या संकेतांकांसाठी आयसीडी-१०-सीएम ही पद्धत लागू आहे. हार्ट फेल्युअर ‘आय ५०’ या गटात येते. सिस्टॉलिक प्रकार आय ५०.२, डायस्टॉलिक आय ५०.३ आणि संयुक्त आय ५०.४ मध्ये मोडतो. त्यापुढील अंक आजार कसा आहे हे सांगतो: ० म्हणजे अनिर्दिष्ट, १ तीव्र, २ दीर्घकालीन आणि ३ म्हणजे दीर्घकालीन आजाराचा तीव्र उद्रेक. अखेरच्या अवस्थेसाठी आय ५०.८४ हा स्वतंत्र संकेतांक १ ऑक्टोबर २०१७ पासून वापरात आला. ‘स्टेज डी’ असे लिहिलेले निदानही त्यातच समाविष्ट होते. मात्र तो एकटा पुरेसा नसतो. प्रकार ठाऊक असल्यास त्याचाही संकेतांक द्यावा लागतो.

आकडा म्हणजे निदान नव्हे

येथील मूलभूत नियम असा की संकेतांक उपचार करणाऱ्या वैद्यकाने नोंदवलेल्या निदानावर ठरतो, तपासणीतील आकड्यावर नाही. समजा, पुण्याहून आलेल्या एका वृद्धाच्या डिस्चार्ज कार्डावर ‘डायलेटेड कार्डिओमायोपथी, सिव्हिअर एलव्ही डिस्फंक्शन, ईएफ २० टक्के’ एवढेच लिहिले आहे. भारतात ही लिहिण्याची परिचित रीत आहे आणि हृदयरोगतज्ज्ञाला तिचा अर्थ तत्काळ कळतो. अमेरिकेतील डॉक्टरने तीच वाक्ये आपल्या नोंदीत जशीच्या तशी उतरवली, तर कार्डिओमायोपथीला आय ४२.० मिळेल, परंतु ‘हार्ट फेल्युअर’ हे शब्द कोठेच नसल्याने आय ५० मधील कोणताही संकेतांक देता येणार नाही. आजार तोच असला, तरी नोंदीत तो नसल्यासारखाच राहील.

‘कंजेस्टिव्ह हार्ट फेल्युअर’ एवढेच लिहिल्यास आय ५०.९ हा अनिर्दिष्ट संकेतांक लागतो. रुग्णाला न्यूयॉर्क हार्ट असोसिएशनच्या वर्गीकरणातील चौथ्या वर्गात ठेवले, म्हणून कोडर आय ५०.८४ देऊ शकत नाही. वर्ग उपचाराने बदलू शकतो; अवस्था हा रोगाच्या वाटचालीचा निर्णय आहे आणि तो डॉक्टरनेच नोंदवायचा असतो. बाह्यरुग्ण विभागात ‘संभाव्य’ किंवा ‘शंका’ असे लिहिलेल्या निदानालाही संकेतांक देता येत नाही.

शब्दांच्या अर्थाविषयी शंका उद्भवल्यास कोडर ‘कोडिंग क्लिनिक’ या प्रकाशनाकडे वळतात. ते शिकागोच्या अमेरिकन हॉस्पिटल असोसिएशनचे आहे, डॅलसच्या हार्ट असोसिएशनचे नव्हे. दोन्हींचे संक्षिप्त रूप ‘एएचए’ असल्याने नवख्यांचा गोंधळ होतो. इजेक्शन फ्रॅक्शन घटलेले हार्ट फेल्युअर सिस्टॉलिक आणि ते टिकून असलेले डायस्टॉलिक मानावे, असा खुलासा याच प्रकाशनाने २०१६ मध्ये केला. त्यासाठीही डॉक्टरने ते निदान शब्दांत लिहिलेले असावे लागते.

सोबतचे आजार

उच्च रक्तदाब आणि हार्ट फेल्युअर यांचा कार्यकारणसंबंध गृहीत धरला जातो. तो नाही असे डॉक्टरने स्पष्ट लिहिले तरच वेगळा विचार होतो. म्हणून आधी आय ११.० आणि नंतर आय ५० मधील संकेतांक येतो. मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजारही असल्यास आय १३ गट लागू होतो. उदाहरणार्थ, रक्तदाब, मूत्रपिंडविकाराची चौथी पायरी आणि सिस्टॉलिक प्रकाराच्या अखेरच्या अवस्थेतील तीव्र उद्रेक यांची मांडणी आय १३.०, आय ५०.२३, आय ५०.८४ आणि एन १८.४ अशी होते. कृत्रिम पंप बसवला असल्यास झेड ९५.८११, हृदयरोपणाच्या प्रतीक्षेत असल्यास झेड ७६.८२ आणि उपशामक उपचार सुरू असल्यास झेड ५१.५ यांची भर पडते.

पैसा आणि प्रामाणिकपणा

मेडिकेअर ॲडव्हांटेज योजनांना मिळणारी रक्कम रुग्णाच्या नोंदवलेल्या आजारांनुसार ठरते. जुन्या पद्धतीत हार्ट फेल्युअरचे सर्व प्रकार ८५ क्रमांकाच्या एकाच वर्गात होते. २०२४ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या व्ही २८ या पद्धतीत अखेरच्या अवस्थेला २२२ हा स्वतंत्र वर्ग मिळाला. त्यामुळे एक शब्द वाढवण्याचा मोह निर्माण होतो. परंतु आधार नसलेले संकेतांक लावून पैसे घेणे हा फॉल्स क्लेम्स ॲक्टचा भंग ठरू शकतो आणि त्यात नुकसानीच्या तिपटीपर्यंत वसुली होते. याउलट, खरे निदान लिहायचे राहून गेले तर गंभीर रुग्ण कागदावर सौम्य दिसतो. म्हणूनच कोडरने डॉक्टरला प्रश्न विचारताना उत्तर सुचवू नये, केवळ नोंदीतील पुरावा मांडावा, असा दंडक आहे.

कुटुंबाच्या हाती काय आहे

५ एप्रिल २०२१ पासून डॉक्टरांच्या इलेक्ट्रॉनिक नोंदी रुग्णाला विनाविलंब पाहता याव्यात, असा संघीय नियम आहे. नोंदीत चूक वा उणीव आढळल्यास हिपा कायद्यानुसार दुरुस्तीची लेखी मागणी करता येते. तिच्यावर ६० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. कारण कळवून ही मुदत एकदा ३० दिवसांनी वाढवता येते. मागणी नाकारली गेली, तरी रुग्णाला आपले असहमतीचे निवेदन फाइलला जोडण्याचा हक्क आहे. भारतातील कागद घेऊन पहिल्या भेटीला जाताना आजाराचे पूर्ण नाव, प्रकार, अवस्था आणि सोबतचे आजार येथील डॉक्टरने स्वतः तपासून आपल्या शब्दांत लिहावेत, एवढी विनंती कुटुंबाने अवश्य करावी. रुग्णाला अपरात्री दुसऱ्या रुग्णालयात न्यावे लागले, तर तेथील डॉक्टरला आजाराची गंभीरता त्या नोंदीवरूनच कळणार असते.