झरीचा पाषाण आणि रॉड्रिग्जची रानकॉफी

झरी (जि. परभणी) येथे शिक्षकांच्या शिबिराला आम्ही गेलो होतो. गावाबाहेर विहिरीचे काम चालू होते. वर काळी माती, खाली मुरूम, मग सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण. "हा दगड आला कुठून?" एका गुरुजींनी विचारले. लाव्ह्यापासून, हे उत्तर पाठ्यपुस्तकात आहेच. तो लाव्हा ज्या चुलीतून उतू गेला, तिचे पुढे काय झाले ही कथा मात्र वर्गात सहसा येत नाही.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भारताचा भूखंड त्या चुलीवरून, म्हणजे तप्तबिंदूवरून, सरकत होता. भूखंड उत्तरेकडे निघून आला, चूल मागे राहिली. तिच्यावर पुढे समुद्रतळ आला आणि अलीकडच्या काळात मॉरिशस व रीयुनियन ही बेटे पाण्याबाहेर आली, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. रीयुनियनचा ज्वालामुखी अजून जागा आहे.

अशी बेटे कोणत्याही खंडाला कधीच जोडलेली नव्हती. तिथली प्रत्येक सपुष्प वनस्पती वाऱ्याने, लाटेने किंवा पक्ष्याच्या पोटातून आलेल्या बियांची वंशज. पोचणारी बी एखादीच, आणि तिचे नेहमीचे परागवाहक बरोबर आलेले नसत. जे असेल त्यावर भागवायचे. मॉरिशसला हिरव्या, दिवसा हिंडणाऱ्या पाली होत्या. आपल्या मुचकुंदाच्या नात्यातल्या ट्रोकेशियाच्या काही जातींत मध चक्क रंगीत असतो. हा रंगीत मध या पालींना अधिक आवडतो, असे प्रयोगांत दिसले आहे. घरातल्या पालीला झाडूने हाकलणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे! ट्रोकेशियाची एक जात 1992 साली मॉरिशसचे राष्ट्रीय फूल ठरली.

1834 पासून याच बेटावर उसाच्या मळ्यांसाठी भारतीय मजूर नेले गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी शिकतात. उसासाठी मूळचे जंगल मात्र तुटले.

मॉरिशसच्या पूर्वेला रॉड्रिग्ज नावाचे छोटे बेट आहे. 1874 साली शुक्राचे अधिक्रमण पाहायला तिथे ब्रिटिश पथक गेले. त्यातल्या आयझॅक बाल्फर यांनी बेटावरच्या वनस्पती गोळा केल्या. बारतोंडीच्या कुळातली रामोस्मानिया ही तिथली रानकॉफी. तिच्या रोपाची पाने अरुंद, लांब, तपकिरी. झाड उंच झाले की रुंद, हिरवी. बेटावर चरणारे मोठे प्राणी म्हणजे महाकाय कासवे. त्यांची मान पोचते तोवर हा वेश, असा अंदाज आहे. माणसांनी कासवे संपवली. नंतर आलेल्या शेळ्यांपुढे हा वेश चालला नाही, आणि रानकॉफी नामशेष झाली असे मानले जाऊ लागले.

1980 च्या सुमारास तिथल्या एका शिक्षकांनी मुलांना परिसरातल्या वनस्पती शोधून आणायला सांगितले. एका मुलाने आणलेली फांदी तज्ज्ञांकडे गेली. ती रानकॉफी होती! बेटावर एकच झाड उरले होते. बातमी पसरताच लोक औषध म्हणून फांद्या तोडू लागले. कुंपणे घालावी लागली. 1986 साली फांद्यांचे तुकडे विमानाने लंडनच्या क्यू उद्यानात गेले. एक जगला, वाढला, फुललाही, पण वर्षानुवर्षे बी धरेना. इतक्या वर्षांत सगळी झाडे त्या एकाच झाडाची कलमे. एका आजारात सगळा वंश संपण्याची भीती होती. अखेर 2003 साली कार्लोस मॅग्डालेना यांनी फुलाच्या कुक्षीला छेद देऊन तिथे पराग लावले आणि फळ धरले.

त्या बियांची रोपे उगवली. त्यांची पाने अरुंद, लांब आणि तपकिरी होती. क्यूच्या काचघरात कासव नव्हते.