एका पंगतीला बसायला लागलेली वर्षं

वहीत वीस बायकांची नावं लिहिली म्हणजे बचत गट झाला, असं होत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. बैठक कुणाच्या ओसरीवर घ्यायची, कुणाच्या घरचा चहा कोण पिणार आणि कोण 'आत्ताच पिऊन आले' म्हणणार, तिथं खरं कळतं. आज मी नगर जिल्ह्यातल्या मराठी ख्रिस्ती समाजाचा इतिहास सांगणार आहे. तोही बराचसा याच गोष्टीचा इतिहास आहे.

अमेरिकेतले मिशनरी 1813 मध्ये मुंबईत आले आणि 1831 मध्ये अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. त्यांनी शाळा काढल्या, मुलींच्यासुद्धा. सिंथिया फरार नावाच्या बाई लग्न न करता एवढ्या लांब आल्या आणि मुलींना शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. 1842 मध्ये नगरहून 'ज्ञानोदय' हे पत्र निघू लागलं. पुढं राहुरी, शेवगाव, वडाळा अशा गावांकडे मिशनचं काम पसरलं. गावात शाळा निघायची, आणि जो मास्तर तोच रविवारी उपासना चालवणारा.

या धर्मात आले ते कोण? सगळ्यात जास्त महार समाजातले लोक, मग मांग समाजातले. ब्राह्मणही आले, पण मोजके. हरिपंत खिस्ती 1839 मध्ये नगरला ख्रिस्ती झाले तेव्हा मोठी खळबळ उडाली होती. आता विचार करा, अशी माणसं एका छपराखाली आली. प्रार्थनेला शेजारी बसणं एक वेळ जमेल. पण ख्रिस्ती लोकांत प्रभुभोजन असतं. एकच भाकर मोडून सगळ्यांनी खायची आणि प्यालाही एकच, तो या ओठांवरून त्या ओठांकडे जायचा. ज्या काळात नुसती सावली पडली तरी आंघोळ करणारे लोक होते, त्या काळात हा प्याला तोंडाला लावणं म्हणजे काय, हे आपल्या आज्यांना विचारलं तर त्या सांगतील.

बाहेर मात्र गाव तेच होतं. बाप्तिस्मा घेतला म्हणून पाणवठा मोकळा झाला नाही. गावाच्या लेखी ती माणसं जुन्याच जातीची राहिली. आणि खरं बोलायचं तर घरातही जात लगेच गेली नाही. सोयरीक जमवताना ती हळूच वर यायची.

मग ही माणसं एक कशानं झाली? मला वाटतं, पुष्कळसं काम गाण्यानं केलं. सुरुवातीला मिशनरींनीच मराठीत गीतं रचली. हेन्री बॅलेंटाइन यांनी त्यासाठी खूप कष्ट घेतले, पण चाली विलायती होत्या. त्या जात्यावर कशा बसणार? पुढं नगरच्याच कृष्णा रत्नाजी सांगळे यांनी देशी चालींवर पदं केली आणि ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. उभं राहून, झांजा-मृदंगाच्या साथीनं ख्रिस्ताची कथा सांगायची. लोक ऐकायला बसू लागले, कारण ऐकण्याची रीत त्यांच्या अंगवळणी पडलेली होती.

नंतर आले नारायण वामन टिळक. कोकणातल्या करजगावचे, 1861 चा जन्म, आधीपासून कवी. त्यांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढं नगरला राहिले. तुकोबा-ज्ञानोबांना त्यांनी सोडलं नाही. त्यांच्याच वाटेनं आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते मानत. अभंग, ओवी, भजन हे सगळं त्यांनी देवळात आणलं. देऊळ हा शब्दही पाहा, आपले मराठी ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात.

पण मला टिळकांपेक्षा त्यांच्या बायकोबद्दल जास्त सांगायचं आहे. लक्ष्मीबाई, 1868 चा जन्म, माहेर नाशिककडचं. वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाहेरून आलेलं धान्यसुद्धा धुऊन घ्यायचं. लग्न अकरा-बारा वर्षांची असताना झालं. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा हिला काही विचारलेलं नव्हतं. नवरा जिवंत असून ती एकटी पडली. माहेरच्या माणसांच्या आधारानं तिनं काही वर्षं काढली, त्यात पंढरपूरचा मुक्कामही होता. पुढं मुलाला घेऊन ती नगरला नवऱ्याकडे आली, पण धर्म बदलायचा नाही, असं ठरवून. चूल वेगळी, पाणी वेगळं, सोवळं तसंच. टिळकांनी जबरदस्ती केली नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. तरी बायकोला न विचारता एवढं पाऊल उचललं, ते मला पटत नाही.

मग तिचं मन कसं वळलं? धर्मग्रंथ वाचून नाही. आजूबाजूच्या माणसांकडे ती पाहत होती, मनात वाद घालत होती. देवानं माणूस केला, जात माणसानं केली, असा निवाडा तिचा तिनं केला. आणि त्यानंतर कुणाच्याही हातचं खायला-प्यायला लागली. बाप्तिस्मा मागाहून झाला, 1900 मध्ये. म्हणजे पंगत आधी, पाणी नंतर. मिशनच्या दप्तरात बाप्तिस्म्याची तारीख असते, वेगळी चूल कोणत्या दिवशी मोडली ते कुणी लिहीत नाही. लक्ष्मीबाईंनी लिहिलं म्हणून आपल्याला ठाऊक. त्यांची 'स्मृतिचित्रे' 1934 पासून चार भागांत आली. शाळेत कधी न गेलेल्या बाईचं ते पुस्तक आहे, आणि हसू येईल असं आहे. गटात एकीनं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी शेंगा निवडत ऐकावं.

त्या दिवसांत दुष्काळ होते, प्लेग होता. मिशननं अनाथ मुलं सांभाळली आणि टिळकांच्या घरीही परकी मुलं असायची. एकेकाळी ज्या चुलीजवळ कुणाला फिरकू द्यायचं नाही, त्या चुलीवर आता कुणाकुणाच्या लेकरांच्या भाकरी भाजल्या जात होत्या.

टिळकांच्या मनाला एक गोष्ट मात्र टोचत राहिली. मास्तराचा पगार मिशनचा, प्रचारकाचा पगार मिशनचा, तर समाज कुणाचा? 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यासी वृत्तीनं राहू लागले आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. काम अंगावर घेतलं आणि 9 मे 1919 रोजी ते वारले. दरबार पुढं फार चालला नाही.

मागं एक अर्धवट काव्य राहिलं होतं, 'ख्रिस्तायन'. ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र. टिळकांचे थोडेच अध्याय झाले होते. लक्ष्मीबाईंनी पुढचे 60 हून जास्त अध्याय रचले. त्या कीर्तनही करायच्या, लोकांसमोर उभ्या राहून, त्या काळात. 1936 मध्ये नाशिकला त्या गेल्या आणि 'ख्रिस्तायन' छापून आलं ते त्यानंतर.

नगरकडच्या गावांत रविवारी देवळावरून गेलात तर पेटी-तबल्यावर टिळकांची पदं ऐकू येतात. कडेला बसलेल्या म्हाताऱ्यांना पुस्तक लागत नाही, सगळं पाठ असतं.