पडद्यावरची नीरा आणि पेटीतला श्याम

गेल्या महिन्यात आपल्या केंद्रावर मी वाचनाबद्दल बोलले होते. त्यानंतर एका गटाच्या मीटिंगला गेले, तर वसुली लिहिता लिहिता एक जण म्हणाली, "ताई, पुस्तक वाचायला वेळ कुठाय? चांगल्या पुस्तकांचे सिनेमे निघतातच की. तीन तासांत काम होतं." सगळ्या हसल्या, मीही हसले. पण ते वाक्य डोक्यात राहिलं. खरंच काम होतं का? आज मराठीतल्या चार गोष्टी सांगते. चारही बायकांच्या, चारही आधी कागदावर आलेल्या आणि मग पडद्यावर गेलेल्या.

पहिली सगळ्यात जुनी. १९३७ साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीनं 'कुंकू' काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम. गोष्ट होती नारायण हरी आपटे यांच्या कादंबरीतली आणि त्या कादंबरीचं नाव होतं 'न पटणारी गोष्ट'. आपट्यांच्या कादंबऱ्या तेव्हा घरोघरी वाचल्या जायच्या. प्रभातनं त्याआधी १९३४ साली 'अमृतमंथन' काढला, तोही त्यांच्याच कादंबरीवरून. आता ही दोन नावं शेजारी ठेवून बघा. 'न पटणारी गोष्ट' म्हटलं की कुणीतरी वाद घालतंय असं वाटतं. 'कुंकू' म्हटलं की डोळ्यांसमोर थेट एक कपाळ येतं. पुस्तक सांगू शकतं, सिनेमाला दाखवावं लागतं. नाव बदललं तिथंच हे सगळं आलं.

गोष्ट थोडक्यात अशी. नीरा नावाच्या मुलीचं लग्न लोभी नातेवाईक फसवून एका म्हाताऱ्या वकिलाशी लावून देतात. काकासाहेब त्यांचं नाव, बिजवर, घरात मोठी मुलं. नीरा संसाराला सरळ नकार देते. रडत नाही, पळून जात नाही, त्याच घरात राहून 'हे लग्न मला मान्य नाही' म्हणते. शांता आपटे यांनी ती नीरा केली आणि केशवराव दाते यांनी काकासाहेब. फुटलेल्या आरशात तोंड बघणारा तो म्हातारा ज्यांनी बघितला त्या विसरत नाहीत. आणखी एक गंमत आहे. या सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. घरातले, रस्त्यावरचे जे आवाज कानावर पडतात तेवढेच. गाणी आहेत, तीही प्रसंगातूनच येतात.

हे १९३७ साल कसं होतं तेही सांगते, म्हणजे नीराचा नकार केवढा मोठा होता ते कळेल. जरठ-कुमारी विवाहावर गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा' १८९९ सालीच रंगभूमीवर आलं होतं. १९२९ साली शारदा कायदा झाला. तो त्या नाटकावरून नाही, हरबिलास सारडा यांच्या नावावरून, पण आपल्याकडे लोकांना दोन्ही एकच वाटायचं. मुलीचं लग्नाचं वय १४ ठरलं. कायद्यानं वय ठरवलं, पण नवरा किती म्हातारा असावा ते कुणी ठरवलं नाही. शारदेला नाटकात शेवटी दुसऱ्यांनी वाचवलं. नीराचं लग्न होऊन गेलेलं आहे, तिला वाचवायला कुणी येत नाही. म्हणून ती स्वतः उभी राहते. सावत्र मुलगा वाईट नजरेनं जवळ आला तर त्याला चोपून काढते. काकासाहेबांच्या समाजकार्य करणाऱ्या मुलीच्या भूमिकेत शकुंतला परांजपे होत्या. पुढे त्यांनी कुटुंबनियोजनाच्या कामात आयुष्य घातलं. आणि शांताबाई आपट्यांनी १९४० साली 'जाऊ मी सिनेमात?' असं पुस्तकच लिहिलं. म्हणजे पडद्यावर बोलणाऱ्या या बायका पडद्याबाहेरही गप्प बसणाऱ्या नव्हत्या.

हा सिनेमा आम्ही ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, शाळेच्या खोलीत चादर लावून दाखवला. चाळीसएक बायका होत्या. शेवटी काकासाहेबांना चूक कळते आणि नीरानं पुन्हा लग्न करावं असं पत्र लिहून ते जीव देतात. दिवा लावला तर बऱ्याच जणी डोळे पुसत होत्या. आमच्या गटातल्या एक मावशी मात्र तशाच बसलेल्या. वय सत्तरच्या पुढं. त्यांचं लग्न तेराव्या वर्षी झालं, नवऱ्याचं दुसरं. मी विचारलं, "मावशी, पटला का सिनेमा?"

त्या म्हणाल्या, "त्या म्हाताऱ्यानं जीव दिला म्हणून ती सुटली. आमचा जगला की."

मैत्रिणींनो, मी बीएला इतिहास घेतला होता. सिनेमावर लिहिलेलं थोडंफार वाचलंही होतं. 'कुंकू' हा काळाच्या पुढचा सिनेमा असं सगळीकडे लिहिलेलं असतं आणि ते खोटं नाही. पण मावशींनी जिथं बोट ठेवलं तिथं माझं बोट गेलं नव्हतं. नीराच्या नकारापर्यंत सिनेमा खरा आहे. पुढं तिचं काय करायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून म्हाताऱ्याला मारावं लागलं. घटस्फोटाचा कायदा यायला अजून अवकाश होता. हिंदू विवाह कायदा झाला तो १९५५ साली. मग कथेत सुटका करायची ती मरणानंच.

एवढं मात्र कबूल करायला हवं की आज आपट्यांचं ते पुस्तक मिळवायला गेलं तर पायपीट करावी लागते आणि सिनेमा मोबाइलवर दिसतो. नीरा जगली ती पडद्यामुळं.

दुसरी गोष्ट याच्या अगदी उलट. हंसा वाडकर मोठ्या नटी. 'सांगत्ये ऐका' हा १९५९ सालचा त्यांचा तमाशापट खूप गाजला. त्याच नावानं पुढं त्यांचं आत्मचरित्र आलं. त्यांनी सांगितलं आणि अरुण साधूंनी शब्दांकन केलं. आधी 'माणूस'मध्ये आणि १९७० साली पुस्तकरूपानं. दुसऱ्याच वर्षी हंसाबाई गेल्या. १९७७ साली श्याम बेनेगलांनी त्यावरून 'भूमिका' हा हिंदी सिनेमा केला आणि स्मिता पाटीलला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सिनेमा म्हणून तो उत्तमच आहे, मी दोनदा बघितलाय. पण त्यात हंसाबाई नाहीत, उषा आहे. नाव बदललं, भाषा बदलली. पुस्तकात ती बाई समोर पाय दुमडून बसल्यासारखी बोलते, स्वतःच्या चुका स्वतः सांगते, कुणाला माफ करायचं आणि कुणाला नाही ते तीच ठरवते. सिनेमात आपण तिच्याकडे बघत असतो. बोलणं आणि बघितलं जाणं यात फरक आहे, आणि तो बाईला चटकन कळतो. म्हणून इथं माझं मत पुस्तकाला.

'उंबरठा'वर फार बोलत नाही, कारण बोलायला लागले तर थांबणार नाही. १९८२ सालचा, जब्बार पटेलांचा. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरून, पटकथा विजय तेंडुलकरांची. सुलभा महाजन समाजकार्याचं शिकलेली. घर आणि लहान मुलगी सोडून महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून जाते. तिथला कारभार बघून भांडते, शेवटी राजीनामा देऊन परत येते, तर घरात तिची जागा राहिलेली नसते. नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. मग सुलभा पुन्हा बाहेर पडते. त्यातली गाणी आपल्या केंद्रावर तुम्ही चिठ्ठ्या पाठवून मागता. मी या कामाला लागले तेव्हा रात्रीच्या मीटिंगा असायच्या, आणि घरी आल्यावर जे ऐकावं लागायचं ते इथं सांगत नाही. तेव्हा हा सिनेमा बघितला. 'बेघर'चं नाव मला सिनेमाच्या श्रेयनामावलीतून कळलं. पुस्तकाचं नाव जागा नसलेल्या बाईचं आहे, सिनेमाचं नाव ती ओलांडते त्या लाकडाचं. 'कुंकू'सारखंच झालं इथंही, बघा.

आता जी मधली गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली ती सांगते. 'श्यामची आई.'

साने गुरुजींनी ती १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिली, पाच दिवसांत. १९३५ साली पुस्तक निघालं. बेचाळीस रात्री, रोज रात्री श्याम आश्रमातल्या सोबत्यांना आईची एकेक आठवण सांगतो, अशी मांडणी. १९५० साली गुरुजी गेले आणि १९५३ साली आचार्य अत्र्यांनी सिनेमा काढला. आई वनमाला, श्याम माधव वझे. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार तेव्हा नव्यानंच सुरू झाले होते. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक या मराठी सिनेमाला मिळालं. पुढं तसा मान मराठीत 'श्वास'ला मिळाला, तो पन्नास वर्षांनी.

अत्रे म्हणजे विनोदाचा माणूस, आणि हे रडवणारं पुस्तक. पण त्यांना शाळा माहीत होती, पोरं माहीत होती. शाळेतलं ते छडीचं गाणं, जे आपली पोरं अजून गॅदरिंगला म्हणतात, ते पुस्तकात नाहीच. सिनेमानं ते घातलं आणि बरं केलं. बेचाळीस रात्री बेचाळीस वेळा रडवून थेटरातलं माणूस उठून गेलं असतं.

एकदा मीटिंगमध्ये मी विचारलं, 'श्यामची आई'तलं काय आठवतं? सगळ्यांनी सिनेमा बघितलेला, पुस्तक दोघींनीच वाचलेलं, तेही शाळेत असताना. उत्तरं आली: पोहायला जायला घाबरून लपलेल्या श्यामला आई शिमटीनं मारत बाहेर काढते ते. पायाला घाण लागू नये म्हणून आई पदर पसरते ते. वनमालाचा चेहरा. गाणी. मी विचारलं, आणि कर्ज? एकीलाही कर्ज आठवलं नाही.

मला आश्चर्य वाटलं, कारण मी ते पुस्तक मोठेपणी पुन्हा वाचलं तेव्हा मला ते आधी कर्जाचं पुस्तक वाटलं. संस्काराचं नंतर. भाऊबंदकीत घर सुटतं. आई अंगावरचं सोनं देऊन झोपडी उभी करते. सावकाराचा माणूस दारात बसून नको ते बोलतो आणि कधी वर मान न करणारी आई त्याला ऐकवते. प्रकरणांची नावंच बघा: 'कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक', 'गरिबांचे मनोरथ', 'वित्तहीनाची हेटाळणी', 'तेल आहे तर मीठ नाही!', 'अब्रूचे धिंडवडे'. शेवटच्या रात्री जवळ येतात तसा हप्ता आणि आजार एकाच वेळी घरात शिरतो. ही बाई नुसती दुखण्यानं गेली असं मला वाटत नाही. बचत गटाचं काम करणाऱ्या माणसाला तर नाहीच वाटणार.

सिनेमाला मी दोष देत नाही. रडणारा चेहरा लक्षात राहतो, थकलेलं व्याज कसं दाखवणार? ते सांगावंच लागतं, रात्रीमागून रात्र, थोडं थोडं. वाढतं तसंच.

मग आम्ही ठरवलं की महिन्याच्या मीटिंगला वसुली झाली की एक प्रकरण मोठ्यानं वाचायचं. सुरुवातीला कुरकुर झाली. "ताई, सैपाक पडलाय." पण वाचणारी आमच्यातलीच, नववी शिकलेली एक सून, आवाज खणखणीत. हळूहळू बायका थांबायला लागल्या. एकदा 'अळणी भाजी' वाचलं. आई भाजीत मीठ घालायला विसरते आणि वडील तिला वाईट वाटू नये म्हणून न बोलता खातात. त्यावर अर्धा तास नुसता हशा. "असला नवरा पालगडला मिळतो का बघा," असं एकीनं ऐकवलं.

मध्येच मी क्रम मोडून 'अब्रूचे धिंडवडे' वाचायला सांगितलं. घरावर जप्ती येते ते प्रकरण. वाचून झालं तेव्हा कुणी बोललं नाही, नेहमीसारख्या गप्पा झाल्या नाहीत. एक जण पदर खोचून उठली आणि निघून गेली. मला वाटलं सैपाक.

पुढच्या मीटिंगला ती लवकर आली. सगळ्या जमायच्या आत. पिशवीतून तीन कार्डं काढून माझ्यापुढं ठेवली. तीन वेगवेगळ्या फायनान्सवाल्यांची, प्रत्येकाचा आठवड्याचा हप्ता, एकाचा हप्ता दुसऱ्याकडून काढून भरलेला. गटात दोन वर्षं आहे, कुणाला पत्ता नव्हता. नवऱ्यालाही दोनच माहीत होती. म्हणाली, "ताई, त्या दिवशी दवंडीचं वाचलं ना, तेव्हा पोटात कालवलं. सिनेमा मी तीनदा बघितलाय. असं झालं नव्हतं."

तिचं प्रकरण अजून मिटलेलं नाही. सगळ्यात जास्त व्याजाचं कर्ज गटाच्या अंतर्गत कर्जातून फेडलं, ग्रामसंघाकडं अर्ज केलाय, दोन हप्ते अजून दर आठवड्याला जातात. दर मंगळवारी ती आणि मी हिशेब लिहितो.

पुस्तक सध्या गटाच्या पत्र्याच्या पेटीत असतं, पासबुकांच्या खाली. सत्तावीस रात्री झाल्यात. मावशींना अक्षर येत नाही, पण त्या पुढं येऊन बसतात, आणि वाचणारी पान चुकली की त्यांच्याच आधी लक्षात येतं.