साखरेची गोळी हृदयाकडे कशी आली?

घरातल्या मोठ्या माणसाला धाप लागते, पाय सुजतात. आपण डॉक्टरांकडे नेतो. हृदयाचं पंपिंग कमी झालंय म्हणून ते एक गोळी लिहून देतात. मग कुणीतरी सांगतं, ही तर डायबेटीसची! ‘माका साखर नाय, मग ही गोळी कित्याक?’ आणि गोळी कपाटातच राहते. म्हणून आज आपण या गोळीचा इतिहास बघूया.

आपल्याकडे तापावर सातविणीची कडू साल उकळून देत. युरोपात कोयनेल देणाऱ्या सिंकोनाच्या सालीचं महत्त्व तसंच होतं. १८३५ मध्ये तिथे सफरचंदाच्या मुळाच्या सालीतून फ्लोरिझिन हा कडू पदार्थ काढला गेला आणि तापावर वापरूनही पाहिला. १८८६ मध्ये फॉन मेरिंग यांनी दाखवलं, की त्याने लघवीतून साखर जाते. आपली मूत्रपिंडं रोज सुमारे १८० ग्रॅम साखर गाळतात आणि जवळपास सगळी परत रक्तात घेतात. फ्लोरिझिन ही परतीची वाट अडवतं. पण ते आतड्यातच मोडतं. म्हणून पुढे त्याची रचना बदलून डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची औषधं तयार झाली.

ती हृदयाकडे वळली ती संशयामुळे. मधुमेहाच्या आधीच्या एका औषधाने हृदयाला धोका होतो, अशी शंका २००७ मध्ये आली. २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने ठरवलं, की मधुमेहाचं नवं औषध हृदयाला घातक नाही हे कंपनीने सिद्ध करावं. अपाय शोधताना उपाय सापडला! २०१५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्या मधुमेहींमध्ये हृदयविकाराचे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी दिसले.

मग साखर नसलेल्यांचं काय? २०१९ च्या चाचणीत भारतासह २० देशांतले, हृदय कमजोर झालेले ४,७४४ रुग्ण होते. निम्म्याहून अधिकांना मधुमेह नव्हता. सुमारे दीड वर्षात आजार बळावणं किंवा हृदयविकाराने मृत्यू, हे नुसत्या दिखाऊ गोळीवर २१.२ टक्के रुग्णांत घडलं, तर डॅपाग्लिफ्लोझिनवर १६.३ टक्के. मधुमेह नसलेल्यांनाही तेवढाच फायदा झाला. मे २०२० मध्ये अमेरिकेत त्यांच्यासाठीही मंजुरी मिळाली. आता आपल्याकडे भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्याही आल्या आहेत.

तेव्हा ‘डायबेटीसची गोळी’ हे तिचं जुनं नाव आहे, एवढंच. ती आपल्या मनाने सुरू करू नये, आणि नाव ऐकून बंदही करू नये. शंका असली तर चिठ्ठी घेऊन परत डॉक्टरांकडे जाऊया.