कॉलम

एका संध्याकाळी मी घरात जाहीर केले, की अकोल्यातल्या एका साप्ताहिकात मला कॉलम मिळाला आहे. बाबा तेव्हा ओसरीत बसून कापसाचे भाव वाचत होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारले, "कालम? पन आपन वरचा मजला कुठी बांधून राह्यलो?"

चूक त्यांची नव्हती. आमच्याकडे कॉलम हा आधी मिस्त्रीचा. सळया बांधून, गिट्टी ओतून उभा करायचा. आणि खरे सांगायचे तर मिस्त्रीचेच बरोबर आहे. लॅटिनमध्ये 'कोलुम्ना' म्हणजे खांब. छापील पानावरची मजकुराची उभी पट्टी खांबासारखी दिसते म्हणून ती कॉलम. त्या पट्टीत एकच गृहस्थ नेमाने लिहू लागला, तेव्हा त्याच्या लिखाणालाही लोक कॉलम म्हणू लागले. म्हणजे भाडेकरूलाच घराचे नाव पडले!

मराठी वृत्तपत्रांचा तर जन्मच या खांबांवर झाला. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' काढले, त्याच्या पानावर दोन कॉलम होते. एकात मराठी, दुसऱ्यात इंग्रजी. साहेब आणि रयत एका पानावर शेजारी-शेजारी उभे! असे शेजारी प्रत्यक्षात मुंबईत तेव्हा किती असतील कोण जाणे.

पुढे या एका शब्दाला आपण तीन मराठी शब्द दिले. पहिला रकाना. बाबा जिनिंग फॅक्टरीत रोकडवही लिहायचे, त्यामुळे रकाना म्हटले की त्यांना फक्त जमा आणि नावे दिसत, मीही बी.कॉम. झालो तो रकाने जुळवूनच. दुसरा सदर. मासिकात 'सदर' म्हणजे मानाची जागा, पण आमच्या बँकेच्या पत्रात 'सदर इसम' म्हणजे ज्याने हप्ते थकवलेत तो. तिसरा स्तंभ. भाषाशुद्धीच्या चळवळीतले जे शब्द सावरकरांच्या नावावर सांगितले जातात, त्यांत हाही आहे.

या स्तंभाने मात्र फार गोंधळ घातला. वृत्तपत्रांना आपण 'चौथा स्तंभ' म्हणतो, तो मुळात स्तंभ नव्हेच. इंग्रजीत ते 'फोर्थ इस्टेट'. धर्मगुरू, सरदार आणि सामान्यजन असे जे समाजाचे तीन वर्ग, त्यांच्यापुढचा हा चौथा. हे कार्लाइलने १८४१च्या पुस्तकात बर्कच्या नावावर लिहून ठेवले. पण वऱ्हाडात इस्टेट म्हणजे चाळीस एकर कपाशी. संपादकापाशी ती कुठली? तेव्हा स्तंभच बरा.

आणि 'पंचमस्तंभी' तर इमारतीतलाही नाही, कागदावरचाही नाही. १९३६ साली स्पेनच्या यादवीत माद्रिदवर फौजेचे चार कॉलम चालून जात होते. पाचवा शहराच्या आतच आहे, असे जनरल मोला म्हणाल्याचे सांगतात. हा कॉलम म्हणजे सैन्याची रांग. चौथ्याने राखण करायची आणि पाचव्याने घात! मध्ये अंतर फक्त एका आकड्याचे.

एवढे ज्ञान मला झाले ते नंतर. त्या साप्ताहिकात माझा लेख आला, पुढच्या शनिवारी आला नाही, त्यापुढच्याही नाही. मी संपादकांना गाठले. ते शांतपणे म्हणाले, "कॉलम दिला होता नं? छापला की. एक कॉलम, बारा सेंटीमीटर."

तोवर बाबा राजेश्वराच्या देवळात सगळ्यांना सांगून मोकळे झाले होते. दर शनिवारी ते स्वतः जाऊन अंक आणत, शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवत आणि काही न बोलता घडी घालत. चौथ्या शनिवारी मात्र त्यांनी विचारलेच, "तुहा कालम पडला का रे?"

"पडला, बाबा."

ते काही म्हणाले नाहीत. महिन्याभराने मला त्यांच्या जुन्या रोकडवहीत तो लेख चिकटवलेला दिसला, जमेच्या बाजूला. बारा सेंटीमीटर पानात मावले नव्हते म्हणून खालचा तुकडा दुमडला होता. माझे नाव त्या दुमडलेल्या भागात होते.